रुईचे मावळे

तुमच्या घरचा दिवाळीचा किल्ला कशाचा असतो? मला खरंच उत्तर हवंय. मातीचा, असं तुम्ही म्हणाल. कुठली माती? कोणी आणली, आणि मळायच्या आधी तिच्यात काय घातलं? मुलं ती हातानं मळतात, ती नखांत जाते, वाळली की मुलं फुंकर मारून तिची भुकटी उडवतात. भाजीत मीठ जास्त पडलं तर आपण घर डोक्यावर घेतो. मुलांच्या नाकात काय जातंय ते मात्र कोणी विचारत नाही.

आमचा किल्ला फरीदाबादला व्हायचा, दोन खोल्यांच्या क्वार्टरसमोर, नळ आणि सायकल यांच्या मधल्या जागेत. हरियाणात किल्ला करणारं आमचं एकच घर असावं असं मला लहानपणी वाटे. शेजारच्या चाची दरवर्षी विचारायच्या, "मंदिर बना रहे हो?"

"नहीं जी, किला है," आई म्हणायची. "हमारे महाराज का."

"अच्छा, कौन से महाराज? हरिद्वार वाले?"

आई समजावून सांगायची. चाची मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महादरवाजापाशी उदबत्ती लावून जायच्या.

तिथली माती किल्ल्याच्या कामाची नाही. पाणी घातलं की पायाला चिकटते, ऊन लागलं की तडकते. दिवाळीच्या सुमाराला दिल्लीकडची हवा इतकी कोरडी होते की सकाळी उभा केलेला बुरूज संध्याकाळी उभा फाटलेला असायचा. बाबा साताऱ्याकडचे. फाटका बुरूज त्यांना सहन होत नसे. त्यावर त्यांनी उपाय शोधला, आणि तो उपाय इतका चांगला होता की आमचा किल्ला होळीपर्यंत उभा राही.

बाबा एका कारखान्यात फिटर होते. भट्ट्यांना आणि वाफेच्या पाइपांना गुंडाळायचे दोर आणि पुठ्ठे तिथे बनत. कच्चा माल पोत्यांतून यायचा: करडा-पांढरा, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा. कामगार त्याला रुई म्हणत. पुठ्ठ्याच्या खात्यात ही रुई मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळायची, लगदा करायचा, आणि तो दाबून तक्ते काढायचे. हौदाच्या तळाशी साचलेला लगदा टाकाऊ. ज्याला हवा त्यानं न्यावा. बाबा तो कापडी पिशवीत भरून सायकलच्या हँडलला अडकवून आणत. पिशवीतून पाण्याचे थेंब गळत, आणि आम्हाला वाटायचं बाबा दही आणतायत.

मातीच्या चौथाईइतका हा लगदा आणि थोडी मैद्याची खळ. मळायला लागलं की हाताखाली माती बदललेली कळे. ती ओढली तरी तुटत नसे, ताणली तर रेशमासारखी ताणली जाई, आणि कड पातळ काढली तरी ढासळत नसे. पुढे मी डिझाइनचं शिक्षण घेतलं, चिनी माती, प्लॅस्टर, रेझीन, सगळ्यांत हात घातले. तसा लगदा मला पुन्हा भेटला नाही. इतका आज्ञाधारक पदार्थ मी पाहिलेला नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला शिसारी येते.

मग बाबा मावळे करायला लागले. दिल्लीत मातीचे मावळे मिळत नसत. पुण्याहून मागवले की निम्मे वाटेत फुटायचे. बाबांनी शिसवीच्या तुकड्यातून एक मावळा कोरला: डोक्याला मुंडासं, हातात भाला, एक पाय पुढे. त्यावरून प्लॅस्टरचा दोन फाकांचा साचा काढला. साच्याला आतून साबणाचं पाणी लावायचं, लगदा अंगठ्यानं दाबून भरायचा, दोन्ही फाका सुतळीनं बांधायच्या, आणि अर्धवट सुकल्यावर उघडायच्या. मावळा जमिनीवर आपटला तरी फुटायचा नाही. दोन फाका जुळतात तिथे त्याच्या अंगावर एक उभी रेघ राही. ती पॉलिश पेपरनं घासून काढायची. ते काम मुलांचं.

दिवाळीच्या आधीचे रविवार म्हणजे आमच्याकडे जत्रा. दिल्लीतल्या मराठी मंडळातली मुलं यायची. करोल बागेत सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मराठी कुटुंबं होती, त्यांची मुलं. कँटोन्मेंटमधून जवानांची. मयूर विहारच्या सोसायटीतून बँकवाल्यांची, सरकारी बाबूंची. सगळी ओट्यावर ओळीनं बसून मावळे घासायची आणि फुंकर मारायची. कोणाच्या फुंकरीचा लोट लांब जातो याची पैज लागे. भुवया पांढऱ्या झाल्या की म्हातारा-म्हातारीचा खेळ सुरू. "ए आजोबा, दात कुठे ठेवलेत?" "तुझ्या डब्यात!" आई सगळ्यांना चिवडा द्यायची, त्याच हातांवर. जाताना प्रत्येक मूल आपले मावळे घरी घेऊन जायचं.

त्या ओट्यावर आणखी एक काम चाले. बाबा युनियनचे सचिव होते, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. 'साथियों' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. बाबा आधी मराठीत लिहीत, मग स्वतःच हिंदी करत. पत्रकं छापून आली की आम्ही घड्या घालायचो. आई एकाच पातेल्यात खळ शिजवायची: निम्मी भिंतीवर पोस्टर डकवायला, निम्मी मावळ्यांत. महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी कामगार, कँटीनच्या डाळीतले खडे, सगळ्यांवर पत्रकं निघाली. चुकीवर बोट ठेवायचं, नाव घेऊन ठेवायचं, आणि मागणी स्पष्ट लिहायची, हे मला कोणत्याही शाळेनं शिकवलेलं नाही. ते मला त्या पत्रकांनी शिकवलं.

धुळीवर एकही पत्रक निघालं नाही.

नव्वदच्या दशकात मी दिल्लीत डिझाइन शिकायला गेले. बाजार उघडला होता. दक्षिण दिल्लीत परदेशी कंपन्यांच्या काचेच्या शोरूम निघत होत्या, गुडगावच्या मोहरीच्या शेतांत खांब उभे राहत होते, आणि आमच्या कॉलेजला रोज कोणीतरी येऊन सांगायचं की देशाला आता तुमची गरज आहे. गरज म्हणजे दुकानाची काच सजवायला. आमच्या वर्गाला एका जीन्सच्या दुकानाची खिडकी मिळाली. विषय होता उजेड. पदार्थ शोधा, हातानं करून बघा, बाजारातलं तयार काही चालणार नाही. कोणी ॲक्रिलिक वाकवलं, कोणी ऊस गाळून उरलेली चिपाडं शिजवली, एकानं जुन्या कॅसेटींच्या फिती विणल्या. मी घरून लगद्याची पिशवी आणली.

मी दिव्यावर बसवायला पापडासारख्या पातळ, कळीच्या आकाराच्या शेड केल्या. हॅलोजनचा दिवा इतका तापतो की कागद करपतो, ॲक्रिलिक वितळतं. माझ्या कळीला काही होत नव्हतं. उजेड तिच्यातून दुधासारखा येत होता.

"यार, यह क्या मटीरियल है?" मुलं विचारत.

"घर का माल है," मी म्हणायचे. "पेटंट पापा के पास है."

सिरॅमिक्सच्या बाई परीक्षणाला आल्या. वयस्कर, कमी बोलणाऱ्या, नखांत कायम माती. त्यांनी माझ्या कळीचा तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत घातला. तुकडा लाल झाला, आणि बाहेर काढल्यावर जसा होता तसा करडा झाला. ना धूर, ना राख. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी गॅस बंद केला, नळाखाली टॉवेल भिजवला, आणि माझ्या टेबलावरच्या सगळ्या कळ्यांवर तो हलक्या हातानं पसरला. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"कहाँ से लाई?"

"पापा की फैक्टरी से."

"पापा ठीक हैं?"

"हाँ. खाँसी है थोड़ी."

"सिगरेट पीते हैं?"

"नहीं."

मग बाईंनी मला तो शब्द सांगितला. ॲस्बेस्टॉस. दगडातून निघणारा धागा. जळत नाही, कुजत नाही, आणि छातीत गेला की बाहेर येत नाही. ओला असतो तोवर बसून राहतो. वाळला, घासला, तुटला की हवेत जातो, आणि हवेत गेलेला दिसतही नाही. फुप्फुसं हळूहळू कडक होतात. हळूहळू म्हणजे किती, हे मी विचारलं. "इतना धीरे," बाई म्हणाल्या, "कि किसी को फैक्टरी याद नहीं रहती." भट्टीच्या खोलीतले जुने हातमोजे त्यांनी मागच्याच वर्षी पाण्यात बुडवून, पिशवीत बांधून बाहेर काढायला लावले होते. तेही त्याच धाग्याचे होते.

मी त्याच दुपारी बदरपूरची बस पकडली. घरी बाबा जमिनीवर बसून लिहीत होते. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिसा लागल्या होत्या, आणि त्यात स्वेच्छा कोणाची, यावर पत्रक चाललं होतं.

"बाबा, ती रुई घातक आहे."

"कोण म्हणतं?"

"आमच्या बाई."

"कुठल्या युनियनच्या?"

"बाबा, थट्टा नको. ॲस्बेस्टॉस आहे ते. फुप्फुसात जातं."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "दार लावून घे," म्हणाले. आमच्या घरचं दार दिवसा कधी लागत नसे. मी लावलं.

"पुठ्ठ्याच्या खात्यातले दोघं गेले," बाबा म्हणाले. "डॉक्टरनं टीबी सांगितला. औषधं घेऊन घेऊन गेले. मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर काय झालं असतं, सांगू? मालकानं हात जोडले असते. म्हणाला असता, सचिवसाहेब, तुम्ही डोळे उघडलेत, एवढा धोक्याचा कारखाना चालवणं पाप आहे, उद्यापासून बंद. जमिनीला भाव आलाय पोरी. पलीकडची फॅक्टरी पाडून तिथे फ्लॅट चाललेत. याला फक्त कारण हवंय. ते मी माझ्या अक्षरात लिहून देऊ?"

"म्हणजे माणसं मेली तरी चालतील, गेट उघडं राहिलं पाहिजे?"

"गेट बंद झालं तर ती काय जगणार आहेत?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मालकाला दोन्हीकडून फायदा होईल अशी मांडणी कोणी केली होती, हे मला कळत होतं. माझे वडील त्या मांडणीत पहारेकऱ्यासारखे उभे होते, हेही कळत होतं. माझा राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो समोर बसलेल्यावर निघाला.

"आणि घरी का आणलंत?"

"ओलं होतं गं," बाबा म्हणाले. "ओलं असताना काही होत नाही, असं आम्ही समजत होतो."

"ओलं तुम्ही आणायचात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. "वाळवायचं कोणी? मी. झाडायचं कोणी? मी. आणि घासायला लोकांची पोरं बसवली."

त्या दिवशी जेवताना बाबा खोकले की आई आणि मी दुसरीकडे बघायचो.

मी ठरवलं की निदान किल्ला तरी सोडवायचा. बाबांना त्यांचा लगदा सोडायला लावायचा तर हातात दुसरं काही द्यायला हवं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी पुढचे सगळे महिने त्यात घालवले. वर्तमानपत्राचा लगदा आक्रसतो, बुरुजाचं तोंड वाकडं होतं. तागाचे तुकडे घातले तर मावळ्यांच्या अंगावर केस येतात. लाकडाचा भुसा वाळला की चुरतो. काथ्याच्या धाग्यानं भिंत धरते, पण पातळ कड निघत नाही. मावळ्याचा भाला केरसुणीसारखा दिसतो. शेवटी बरं जमलं ते गव्हाचा भुसा आणि शेण. आमच्या आजूबाजूच्या गावांतल्या बायका भिंती लिंपायला तेच वापरत. ते तडकत नव्हतं. त्याला भाला येत नव्हता, ढाल येत होती. मी ढालीवाला मावळा कोरला आणि दिवाळीच्या आधी मंडळाच्या बैठकीला घेऊन गेले.

बैठक मयूर विहारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. किल्ल्यांची स्पर्धा, फराळाचे स्टॉल, लहान मुलांची नाटुकली, असे विषय होते. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या आग्रहावरून आले होते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रुई काय आहे, वाळली की काय होतं, घरातले जुने मावळे ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधून मला परत द्या, घासू नका, तोडू नका. मग माझा शेणाचा मावळा पुढे केला.

अध्यक्षकाकांनी तो हातात घेऊन हुंगला. "अगं, याला वास येतोय."

"वाळल्यावर जातो, काका."

"दिवाळीत घरात शेण? बायको मलाच किल्ल्यावर बसवेल." लोक हसले. "आणि तू डिझाइनवाली ना? डॉक्टर कधी झालीस?"

करोल बागेतले गलाईवाले एक काका उठले. दिवसभर भट्टीपाशी बसून त्यांचा चेहरा तांब्यासारखा झाला होता. "पोरी, तू म्हणतेस तो पुठ्ठा आम्ही रोज मुशीखाली घालतो. सुरीनं कापतो. फाटला की नवा आणतो. आम्हाला काय झालंय?" त्यांनी छाती ठोकली. "हे बघ. लोखंड."

"काका, ते लगेच दिसत नाही."

"मग दिसेल तेव्हा बघू."

मागच्या रांगेत कँटोन्मेंटमधल्या एक वहिनी बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर तेव्हा सीमेवर होते. त्या हसल्या नव्हत्या. "ताई, रंगवलेले असले तर?" त्यांनी विचारलं. "आमच्या धाकट्यानं एकाचं मुंडासं चावून खाल्लंय."

अध्यक्षकाका चिडले. "सणाच्या तोंडावर हे अभद्र कशाला? यांनाच विचारू. यांचं आयुष्य गेलं त्या कारखान्यात." ते बाबांकडे वळले. "बोला साहेब. तुमचे मावळे आहेत. तुमचं काय म्हणणं?"

बाबा उभे राहिले. माझ्या आयुष्यात मी त्यांना सभेत कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. गेटवर, स्टुलावर, पावसात, लाठ्या घेतलेल्या पोलिसांसमोर, त्यांचा आवाज कधी अडकला नव्हता. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला खात्री होती. ते खरं बोलतील. बोलले असते तर त्या हॉलमधल्या प्रत्येक घरातले मावळे त्याच आठवड्यात परत आले असते, कारण लोकांचा विश्वास माझ्यावर नव्हता, त्यांच्यावर होता.

"तपासून बघायला हवं," बाबा म्हणाले. "तोवर घाईनं काही नको."

आणि बसले.

हे वाक्य मॅनेजमेंटचं होतं. मागण्या दिल्या की तिकडून हेच उत्तर यायचं, आणि बाबा जेवताना त्याची नक्कल करून आम्हाला हसवायचे. त्या संध्याकाळी ते त्यांच्या तोंडून निघालं, कारण त्या हॉलमध्ये बोललेलं उद्या गेटवर पोचलं असतं. मंडळानं पुढचा विषय घेतला: चकल्यांचा स्टॉल कोणाकडे.

स्पर्धा झाली. किल्ले झाले. जुने मावळे घासून नव्यानं रंगवले गेले. परत फक्त एका घरातून आले. त्या वहिनींनी ओल्या टॉवेलात गुंडाळून, दुधाच्या दोन पिशव्या एकात एक घालून, गाठ मारून आणून दिले. "मुंडाशाचं काय होईल?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

कारखाना तरीही बंद झाला. धुळीचं कारण लागलंच नाही. तोटा हे कारण पुरलं. थंडी सरायच्या आत गेटला साखळी लागली, आणि ज्या चुलींसाठी बाबा गप्प राहिले त्या एकेक करून फरीदाबादमधून उठल्या. माणसं बिहारला गेली, बुलंदशहरला गेली, काही आमच्या साताऱ्याकडे गेली. मग पाडणारे आले. छपराचे सिमेंटचे पत्रे, त्यांतही तोच धागा, त्यांनी वरून घणांनी फोडले, कोरडे. मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहून ते पाहिलं. खाली बायका ते तुकडे टोपल्यांत भरत होत्या, तोंडाला पदर लावून. तो राडारोडा नव्या सेक्टरच्या खड्ड्यांत भरला, वर माती, वर हिरवळ, वर झोपाळे. कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत, इंग्रजीत कुठल्याशा जंगलाचं नाव असलेले. जाहिरातीत लिहिलं होतं, मोकळा श्वास घ्या. हे मी रचलेलं नाही. माझी एवढी हिंमत नाही.

बाबांना दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग नळापाशी, मग शर्ट घालताना. जवळच्या डॉक्टरनं टीबी सांगितला. बाबा गोळ्या घेत राहिले, गोळ्यांच्या रंगानं लघवी लाल होत राहिली, खोकला होता तिथेच. दुसऱ्या डॉक्टरनं पुन्हा टीबीच सांगितला. वजन विचारलं, भूक विचारली, घरात कोणाला होता का विचारलं. काय काम करत होतात, हे कोणी विचारलं नाही. मी सांगायला गेले की बाबा माझ्या हातावर हात ठेवायचे. गेट बंद झालं होतं, तरी ते त्याच्यावर पहारा देत होते.

शेवटी मी त्यांना दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे रांगेत दिवस गेला. एका तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर धरला, मग खाली ठेवला आणि फोटोऐवजी बाबांकडे बघितलं.

"बाबूजी, काम क्या करते थे?"

मी तोंड उघडलं. बाबांनी मला थांबवलं, पण या वेळी स्वतः बोलण्यासाठी. "ॲस्बेस्टॉस," ते म्हणाले. स्वच्छ, न अडखळता. तो शब्द त्यांना मी सांगायच्या आधीपासून येत होता.

डॉक्टरनं खरं ते सांगितलं. याला औषध नाही. टीबीच्या गोळ्या बंद करा.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "कागद घे." त्यांना आता आडवं झोपता येत नव्हतं, भिंतीला उशी लावून बसून असायचे. एकेक वाक्य सांगायचे, मधे थांबायचे, खांदे वर-खाली व्हायचे, मग पुढचं. साथियों. हम जिसे रुई कहते थे. असं सुरू झालं. कोणत्या खात्यात किती धूळ, कोण कोण गेलं, कोणाला टीबी म्हणून काय काय दिलं गेलं.

"लिही. युनियन के सचिव को मालूम था."

"बाबा, त्याची गरज नाही."

"लिही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. खोटं पत्रक आपण कधी काढलेलं नाही."

मी लिहिलं. आई दारात उभी होती. ती आत जाऊन पाणी घेऊन आली.

पत्रक छापून आलं. आम्ही तिघांनी घड्या घातल्या, बाबांनी थोड्याच. सकाळी मी गठ्ठा घेऊन जुन्या सवयीनं कारखान्याकडे निघाले, शिफ्ट सुटायच्या वेळेला. तिथे शिफ्ट नव्हती. एक काळं फाटक होतं, कारंजं होतं, आणि गणवेशातला पहारेकरी.

"मैडम, अंदर पैम्फलेट अलाउड नहीं है."

"अंदर किसको देना है," मी म्हटलं. मग त्यालाच एक दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि हळूच विचारलं, "मेरे ताऊ भी यहीं थे. उनको दिखा दूँ?"

त्याच्या गावचे आणखी कोणी इथे होते का, मी विचारलं. माहीत नाही, म्हणाला. एवढंच वाटप झालं. बाबा त्या उन्हाळ्यात गेले. गठ्ठा माझ्याकडे आहे, आणि ज्यांच्यासाठी तो छापला ते कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला तरी ते ठाऊक असेल. ते तुमचे सासरे असतील, मामा असतील, खालच्या मजल्यावरचे खोकणारे काका असतील.

म्हणून मागणी स्पष्ट लिहिते. तुमच्या घरात, गावात, इमारतीत कोणी भट्टीच्या दोर-पुठ्ठ्यांच्या कामात, सिमेंटच्या पत्र्यांच्या कामात, गाड्यांच्या ब्रेकच्या कामात किंवा गलाईच्या भट्टीपाशी वर्षं काढली असतील, तर त्यांना या महिन्यात छातीच्या डॉक्टरकडे घेऊन जा. त्यांच्या घरच्या बायकांनाही न्या. कपडे त्यांनी झटकले आहेत. डॉक्टर कामाचं विचारणार नाही. न विचारता सांगा, आणि नेलेला माणूस म्हणाला की जाऊ दे, नोकरी होती म्हणून घर चाललं, तरी सांगा. आणि तुमच्या सोसायटीत सिमेंटच्या पत्र्यांचं जुनं छप्पर उतरवायला माणसं वर चढलेली दिसली, तर खिडकी लावून घेऊ नका. खाली उतरा, घण थांबवा, आणि पहिला घाव पडायच्या आधी त्यांच्या हातात पाण्याचा पाइप द्या.